गरोदरपणातलं स्तनपान शिक्षण

बाळ जन्माला यायच्या आधी होणाऱ्या आईला अंगावर पाजण्याबद्दल जे काही सांगितलं, दाखवलं जातं त्याला गरोदरपणातलं स्तनपान शिक्षण म्हणतात. यात हॉस्पिटलमधले क्लास आले, तपासणीला गेल्यावर नर्सशी होणारं पाच मिनिटांचं बोलणं आलं, व्हिडिओ, ॲप, ऑनलाइन ग्रुप आले, आणि आई, सासू, बहीण, मैत्रीण यांच्याकडून कानावर पडलेलंही आलं, खरंतर बऱ्याच जणींच्या बाबतीत हे शेवटचंच सगळ्यात जास्त असतं.

पाजणं नैसर्गिक आहे म्हणजे ते आपोआप जमेल असं बहुतेकांना वाटतं, पण हे अर्धंच खरं आहे. दूध बनवायचं काम शरीर स्वतः करतं, गरोदरपणाच्या मध्यापासूनच चीक, म्हणजे अगदी सुरुवातीचं घट्ट दूध, तयार व्हायला लागतो, बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं आणि साधारण २ ते ४ दिवसांत दूध भरून येतं. बाळालाही चोखायची उपजत ओढ असते. पण बाळाला धरायचं कसं, तोंडात कधी द्यायचं, पकड चुकली हे ओळखायचं कसं, हे बघून आणि करूनच येतं. ज्या घरात मुली लहानपणापासून कुणाला ना कुणाला पाजताना बघतात तिथे हे नकळत डोक्यात बसतं, छोट्या कुटुंबात मात्र जवळून पाहिलेलं पहिलं तान्हं बाळ स्वतःचंच असतं असंही होतं.

विसाव्या शतकात अनेक देशांत बाळंतपणं हॉस्पिटलमध्ये गेली, बाळं वेगळ्या खोलीत ठेवून घड्याळ लावून दर चार तासांनी दूध द्यायची पद्धत आली, बाटली वाढली आणि ही बघून शिकायची साखळीच तुटली. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सात आयांनी ला लेचे लीग सुरू केली, कल्पना साधी होती, ज्यांनी पाजलंय त्यांनी नव्या आयांना शिकवायचं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने पावडरच्या दुधाच्या जाहिरातीवर आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आणली, त्यात कंपन्यांनी गरोदर बायकांना फुकट सॅम्पल देऊ नयेत असं स्पष्ट आहे, त्यामुळे क्लास घेणाराच जर पावडरची कंपनी असेल तर तिथे शंका घेतलेली बरी. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या मांडल्या, त्यातली तिसरी नेमकी हीच, गरोदर बाईला पाजण्याची माहिती आधीच द्यायची. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत तिच्यासोबत घरच्यांशीही बोला असं आलं, आणि ते फार बरं झालं, कारण रात्री तीन वाजता बाळ रडल्यावर "दूध पुरत नाही वाटतं" हे वाक्य बहुतेकदा घरातूनच येतं.

चांगल्या क्लासमध्ये बाहुली आणि लोकरीचा विणलेला स्तन घेऊन पकड दाखवतात. बाळाचं पोट आईच्या अंगाला टेकलेलं, नाक निप्पलच्या समोर, मग बाळाने जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की चटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि निप्पलभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूने जास्त दिसतो, खालून कमी. नुसतं निप्पल तोंडात गेलं तर दुखतं, चिरा पडतात आणि दूधही नीट येत नाही.

दुसरी शिकवायची गोष्ट म्हणजे नॉर्मल काय असतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर चीक लागतो, २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, संध्याकाळी तर सतत. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण ७ टक्क्यांपर्यंत, १० टक्क्यांच्या आसपास गेलं तर लगेच दाखवायचं, आणि दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पोचतंय, स्तन मऊ वाटले म्हणून दूध आटलं असं नसतं.

जुन्या सल्ल्यांपैकी बरेच आता बाद झालेत. निप्पल टॉवेलने घासून "तयार" करायची काहीच गरज नसते, उलट त्रास होतो. आत वळलेल्या निप्पलसाठी गरोदरपणात करायच्या व्यायामांचा आणि प्लास्टिकच्या कवचांचा फायदा १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत दिसला नाही. ३६ आठवड्यांनंतर हाताने चीक काढून ठेवायचं सध्या बरंच बोललं जातं, ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायबेटिस असलेल्या पण बाकी धोका नसलेल्या बायकांसाठी ते सुरक्षित दिसलं, पण वेळेआधी कळा यायचा धोका असेल तर नाही, डॉक्टरांना विचारूनच.

आता गंमत अशी की फक्त गरोदरपणातल्या क्लासने जास्त बायका पाजतात किंवा जास्त महिने पाजतात, असा ठोस पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात मिळाला नाही. बाळंतपणानंतर प्रत्यक्ष शेजारी बसून केलेल्या मदतीचा उपयोग मात्र दिसतो. म्हणून क्लासकडून फार अपेक्षा ठेवू नये, पहिल्या आठवड्यातली घाबरगुंडी कमी झाली आणि अडल्यावर कुणाला फोन करायचा हे ठरलं तरी पुष्कळ. काही गोष्टी मात्र डॉक्टरांना आधीच सांगायलाच हव्यात: स्तनाचं ऑपरेशन झालंय का, थायरॉइड किंवा डायबेटिस आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, आधीच्या बाळाच्या वेळी काय अडलं होतं, एचआयव्ही आहे का, कारण यातल्या काहींसाठी प्लॅन बाळ यायच्या आधीच करावा लागतो.