कंचेभागुबेव (पदावलीतील क्रियांचा क्रम)

एकाच पदावलीत दोन किंवा अधिक गणिती क्रिया आल्या असता त्या कोणत्या क्रमाने कराव्यात, हे ठरवणारा संकेत महाराष्ट्रातील शाळांत या सूत्राक्षरांनी शिकवला जातो. कं म्हणजे कंस, चे म्हणजे ‘चा-ची-चे’ने दाखवलेला गुणाकार, भा भागाकार, गु गुणाकार, बे बेरीज आणि व वजाबाकी. इंग्रजी माध्यमात याच जागी बॉडमास, अमेरिकेत पेमडास आणि कॅनडात बेडमास ही सूत्राक्षरे रूढ आहेत. प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत त्यांची ओळख होते. शिष्यवृत्ती आणि भरती परीक्षांतील ‘सरळरूप द्या’ या प्रकारच्या प्रश्नांमुळे ती पुढेही ओठांवर राहतात.

संकेताचे स्वरूप : ५ + ३ × ४ ही पदावली डावीकडून सरळ सोडवली तर ३२ येतात, गुणाकार आधी केला तर १७. यांतील १७ हे उत्तर सिद्धतेने मिळत नाही. लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने एकच अर्थ घ्यावा यासाठी ते मान्य केलेले आहे. तरीही हा संकेत मनमानी नाही. ५०० रुपयांची नोट देऊन १२० रुपयांच्या ३ वस्तू घेतल्या, तर परत मिळणारी रक्कम ५०० − ३ × १२०, म्हणजे १४० रुपये. येथे आधी वजाबाकी करू म्हटले तर रुपयांतून वस्तूंची संख्या वजा करावी लागते, आणि त्याला काही अर्थ उरत नाही. सारख्या जातीच्या राशीच मिळवता किंवा वजा करता येतात, आणि राशी सारख्या जातीच्या करण्याचे काम बहुधा गुणाकार करतो. बीजगणितात ही सोय अधिक जाणवते. बेरीज आधी करण्याचा नियम असता तर ३क + २ख + ५ एवढे साधे लिहितानाही प्रत्येक गुणाकाराला कंस घालावा लागला असता.

आजच्या गणितात हा क्रम चार पायऱ्यांचा मानतात. प्रथम कंस, मग घात व मूळ, नंतर गुणाकार व भागाकार, शेवटी बेरीज व वजाबाकी. शेवटच्या दोन पायऱ्यांवरील जोडक्रिया समान दर्जाच्या असून त्या डावीकडून उजवीकडे करायच्या असतात. कंसात कंस असेल तर आतला आधी सोडवतात. भारतीय पुस्तकांत आतून बाहेर रेषाकंस, साधा कंस, महिरपी कंस आणि चौकटी कंस अशी मांडणी रूढ आहे. अपूर्णांकातील आडवी रेघ आणि वर्गमूळ चिन्हाचे छत हेही कंसाचेच काम करतात; विद्यार्थ्यांना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. घातावर घात असल्यास मात्र वरून खाली यावे लागते : २ चा घात ३ आणि त्या ३ चा घात २ असेल, तर किंमत २ चा नववा घात, म्हणजे ५१२ येते. डावीकडून गेल्यास ६४ येतात, आणि गणिती लेखनात ते चूक धरले जाते. कंचेभागुबेवमध्ये घाताला अक्षरच नाही. बॉडमासमधील ‘ओ’ काही ठिकाणी घात या अर्थी, तर भारतात मुख्यतः ‘ऑफ’ या अर्थी घेतला जातो. मराठी सूत्राने दुसरा अर्थ स्वीकारला आहे.

सूत्राक्षरांतील दोष : अक्षरे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने क्रिया करायच्या, असे समजून मूल गणित सोडवते तेव्हा काय होते हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘भागु’ या जोडीत भागाकार आधी आहे. २४ ÷ ४ × २ मध्ये भागाकार आधी केला तरी आणि डावीकडून गेले तरी १२ च येतात. ५ × ६ ÷ ४ मध्ये डावीकडून ३० ÷ ४ म्हणजे साडेसात. भागाकार आधी केला तर ५ × दीड, तेही साडेसातच. गुणाकार-भागाकारांची कितीही लांब साखळी घेतली तरी सर्व भागाकार आधी उरकल्याने उत्तर बदलत नाही, कारण प्रत्येक भागाकार फक्त आपल्या लगतच्या डावीकडील संख्येवर होतो आणि भाजक भाजकच राहतो. अपूर्णांक न शिकलेल्या मुलाला ६ ÷ ४ अडेल, एवढीच अडचण.

‘बेव’ या जोडीचे तसे नाही. १० − ४ + ३ मध्ये बेरीज आधी केली तर १० − ७ = ३ येतात, आणि खरे उत्तर ९ आहे. येथे ३ च्या आधी अधिक चिन्ह असूनही ते वजा केले गेले. अक्षरे उलट, म्हणजे ‘वबे’ अशी असती, तर शब्दशः पाळूनही उत्तर चुकले नसते : वजाबाकी आधी केली की ६ + ३ = ९, आणि १० + ४ − ३ मध्ये १० + १ = ११. म्हणजे कंचेभागुबेवचा पूर्वार्ध शब्दशः पाळला तरी निभावतो, उत्तरार्ध निभावत नाही. पेमडासमध्ये गुणाकाराचे अक्षर भागाकाराच्या आधी असल्याने तेथे दोन्ही जोड्या धोक्याच्या आहेत; ते सूत्र शब्दशः पाळणारे मूल २४ ÷ ४ × २ चे उत्तर ३ काढते. या दृष्टीने मराठी सूत्र निम्म्याने तरी सुरक्षित आहे. बे आणि व यांना एकच पायरी मानावी, हे शिक्षकाने तोंडी सांगणे मात्र अपरिहार्य ठरते.

पूर्वपीठिका : प्राचीन भारतीय गणितात हा प्रश्न आजच्या रूपात उद्भवत नव्हता, असे दिसते. तेथे क्रिया शब्दांनी सांगितल्या जात आणि ज्या क्रमाने सांगितल्या त्या क्रमाने केल्या जात. आर्यभटाच्या ग्रंथातील (४९९) व्यस्तविधीचा श्लोक गुणकाराला भागहार (भागाकार) आणि क्षेपाला (मिळवण्याला) अपचय (वजाबाकी) करून उलटे जायला सांगतो. तो सांगताना मूळ क्रम निःसंदिग्ध असल्याचे गृहीत आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) याच रीतीचे एक सुंदर उदाहरण आहे. एका संख्येची तिप्पट करावी, तीत तिचाच पाऊण भाग मिळवावा, ७ ने भागावे, आलेल्यातून त्याचाच तिसरा भाग वजा करावा, वर्ग करावा, ५२ वजा करावेत, वर्गमूळ घ्यावे, ८ मिळवावेत, १० ने भागावे, आणि २ उरावेत. उत्तर २८ : ८४, १४७, २१, १४, १९६, १४४, १२, २०, २. इतक्या क्रिया असूनही कंसाची गरज पडत नाही, कारण वाक्यच क्रम सांभाळते. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख त्यात आहे.

चिन्हलेखनाचा जुना नमुना म्हणून बखशाली हस्तलिखित महत्त्वाचे आहे. हे भूर्जपत्रावरील हस्तलिखित १८८१ मध्ये पेशावर परिसरातील बखशाली गावी सापडले. सध्या ते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात संख्या चौकटींत मांडून क्रियांसाठी आद्याक्षरे वापरली आहेत : युतसाठी यु, गुणितसाठी गु, भागासाठी भा, मूळासाठी मू. ऋण संख्येनंतर आजच्या अधिक चिन्हासारखी फुली येते. काळाविषयी एकमत नाही. अभ्यासकांपैकी हर्नले यांनी तिसरे-चौथे शतक सुचवले, के यांनी ते बाराव्या शतकापर्यंत पुढे आणले, हायाशी यांनी सातव्या शतकाच्या आसपासचा काळ मांडला. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कार्बन-कालमापनात तीन पाने तीन वेगवेगळ्या काळांतील निघाली, सर्वांत जुने तिसऱ्या-चौथ्या शतकातील. मात्र ग्रंथ एकसंध दिसतो या आधारावर अनेक अभ्यासकांनी या निष्कर्षाला हरकत घेतली. मूळ रचनेचा काळ आणि उपलब्ध प्रतीचा काळ वेगळे धरून हायाशींच्या मताजवळ राहणे सध्या तरी अधिक सुरक्षित वाटते. यातील ‘भा’ आणि ‘गु’ ही अक्षरे कंचेभागुबेवमध्ये पुन्हा भेटतात. पण मधली परंपरा सलग असल्याचे मानण्यास आधार नाही.

आजची चिन्हे युरोपात टप्प्याटप्प्याने आली. अधिक व उणे ही चिन्हे विडमान यांच्या १४८९ च्या पुस्तकात छापलेली आढळतात. बरोबर चिन्ह रेकॉर्ड यांचे (१५५७), गुणाकाराची फुली ऑट्रेड यांची (१६३१) आणि ÷ हे चिन्ह भागाकारासाठी राह्न यांचे (१६५९) मानले जाते. साधे कंस सोळाव्या शतकाच्या मध्यास टार्टाग्लिया यांच्या लेखनात दिसतात, पण पुढे बराच काळ पदांवर रेघ ओढण्याची रीत अधिक चालली. गुणाकार आधी हा संकेत कोणी एका व्यक्तीने घालून दिला असे दिसत नाही. बीजगणिती लेखनाबरोबर तो हळूहळू मुरला, आणि त्याला ‘नियम’ असे स्वरूप शालेय पुस्तकांनी, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी दिले.

गुणाकार-भागाकाराचा वाद : बेरजेपूर्वी गुणाकार, याविषयी मतभेद फारसा नव्हता. खरा वाद × आणि ÷ शेजारी आल्यास काय करावे, हा होता. १९१७ मध्ये लेन्स यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या नियतकालिकात दाखवून दिले, की पुस्तके डावीकडून उजवीकडे जायला सांगतात, पण बीजगणित करणारे प्रत्यक्षात तसे करत नाहीत. १२कख ÷ ३क याची किंमत सगळे ४ख देतात. नियम शब्दशः पाळला तर १२कख ला ३ ने भागून पुन्हा क ने गुणावे लागेल. गणिती चिन्हांचे इतिहासकार कॅजोरी यांनीही १९२८ मध्ये या बाबतीत एकमत नसल्याचे नोंदवले. २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) हे कोडे समाजमाध्यमांवर पसरले तेव्हा लोक १६ आणि १ अशा दोन तटांत वाटले गेले. त्यामागे हीच शंभर वर्षांची संदिग्धता होती. फुली न लिहिता चिकटवलेला गुणाकार अधिक घट्ट मानावा का, हा प्रश्न आजही सर्वमान्य रीतीने सुटलेला नाही. फिजिकल रिव्ह्यू या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या लेखनसंकेतांत तिरप्या रेघेच्या भागाकारापूर्वी गुणाकार धरला जातो. आयएसओ ८००००-२ हे मानक तर ÷ चिन्ह वापरूच नये असे सुचवते. शालेय रीतीने या कोड्याचे उत्तर १६ आहे. मात्र असे लेखन करणाऱ्याने एक कंस जास्त घालावा, हेच मत योग्य वाटते.

‘चे’ : मराठी सूत्रातील हे अक्षर वादाच्या याच जागी एक स्पष्ट तोडगा देते. १२ ÷ ६ चे अर्धे, यात ‘चे’ आधी सोडवून १२ ÷ ३ = ४ येतात. तेच १२ ÷ ½ × ६ असे लिहिले तर १४४. ‘चे’ने जोडलेल्या राशी म्हणजे अदृश्य कंसातील एक संख्या. भागाचा भाग काढण्याची ही क्रिया आपल्याकडे प्रभागजाती म्हणून जुनी आहे. लीलावतीतला कृपण याचकाला जे देतो ते असे : द्रम्म या नाण्याच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश. गुणत गेल्यास १/१२८० द्रम्म, म्हणजे नेमकी एक कवडी. कंचेभागुबेवमधील ‘चे’ मात्र प्रभागजातीतून आलेले नसून इंग्रजी सूत्रातील ‘ऑफ’च्या जागी बसवलेले असावे, ही शक्यता अधिक.

यंत्रांतील क्रम : साध्या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर ५, अधिक, ३, गुणिले, ४ अशा कळा दाबल्यास ३२ दिसतात, शास्त्रीय कॅल्क्युलेटर १७ देतो. किराणा दुकानदार हा अडथळा ‘एम प्लस’ कळीने सहज ओलांडतात. २ × ४५ एम प्लस, ३ × ३० एम प्लस, शेवटी स्मृतीची कळ, की १८० : प्रत्येक गुणाकार पुरा करून मगच बेरजेत टाकला गेला. संगणक भाषांत फोरट्रान (१९५७) पासून गणिती क्रमच बहुतेक ठिकाणी पाळला जातो. आयव्हर्सन यांच्या एपीएल या भाषेने तो मोडून सर्व क्रिया उजवीकडून करायचे ठरवले. क्रियाचिन्ह संख्यांच्या आधी लिहिणाऱ्या लुकासिएविच यांच्या पोलिश लेखनात कंस आणि क्रम या दोहोंचीही गरज राहत नाही. कंस न घालता लिहिलेला उणे ३ चा वर्ग एक्सेलमध्ये ९ आणि पायथनमध्ये −९ येतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे.

अध्यापन : क्रम शिकताना होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. २६ − १० + ६ चे उत्तर १० देणे, २० − (८ − ३) मधील कंस सोडवताना २० − ८ − ३ लिहिणे, आणि ५ × ४ = २० + ३ = २३ अशी बरोबर चिन्हांची साखळी ओढणे. पहिल्या दोन चुकांत चिन्ह आपल्या संख्येपासून सुटते. तिसरीत बरोबर चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा घेतला जातो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी व के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर पदांवर आधारलेली रीत विकसित केली. तीत सूत्राक्षरांऐवजी आधी पदे ओळखायची असतात. १९ − ७ + ४ × २ मध्ये पदे तीन : +१९, −७ आणि +४ × २. प्रत्येकाभोवती चौकट काढली की चिन्ह चौकटीच्या आत राहते, गुणाकाराचे पद आधी सोडवावे लागते हे आपोआप दिसते, आणि चौकटी कोणत्याही क्रमाने मांडल्या तरी उत्तर २० च येते. ‘बेव’ची अडचण येथे उरतच नाही, कारण वजाबाकी ही ऋण पदाची बेरीज झालेली असते. या रीतीने शिकणारे मूल १८ + ३ × ५ आणि ३ × ५ + १८ समान आहेत हे आकडेमोड न करता सांगू शकते, आणि बीजगणितात क किंवा ख आल्यावर त्याला नवे काही शिकावे लागत नाही. कंचेभागुबेव पाठ करून घ्यायचेच असेल तर ते पदे ओळखता आल्यानंतर, उजळणीसाठी घ्यावे.