बाईचं शरीर ‘आपोआप’ घडत नाही

महिला गटात उतरायचं तर आधी वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकाची चाचणी द्या, असा नियम जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून लागू केला. त्याला विरोध करणाऱ्यांत अँड्र्यू सिंक्लेअर आहेत. १९९० साली हे जनुक शोधणाऱ्यांपैकी एक! जनुक आहे एवढंच चाचणीतून कळतं. त्याने वृषण घडवले का, संप्रेरकं तयार होतात का, शरीर त्यांना दाद देतं का, हे कळत नाही.

आपल्याकडे मुळात शाळेतलं एक्स-वायसुद्धा पचलेलं नाही. वाय येतो तो बापाकडून, तरी ‘मुलीच होतात’ म्हणून बोलणी सुनेलाच. मुंबईतल्या महिला संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा केला. तरी दादर-गिरगावच्या डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघाला की जास्त टाळ्या पडतात. पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगणं तर निव्वळ थाप आहे.

पण शिकलेल्यांच्या डोक्यातही एक समज घट्ट आहे: वाय आला की पुरुष ‘घडतो’, नाही आला की बाई आपोआप होते. आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात सशांवर प्रयोग केले. गर्भावस्थेतच वृषण काढले, तर पुढे घडणारी जननेंद्रियं मादीची होत. हा निष्कर्ष मग बीजांडकोशालाही लावला गेला. स्त्री म्हणजे काहीतरी नसणं, ही कल्पना समाजात होतीच, म्हणून हा समज सहज रुजला असं मला वाटतं.

प्रत्यक्षात सुरुवातीचे सहा आठवडे गर्भातली जननग्रंथी दोन्हीपैकी काहीही होऊ शकते. एसआरवाय सॉक्स-९ या जनुकाला जागं करतं. सॉक्स-९ मग स्वतःलाच जागं ठेवतं आणि वृषण घडवतं. समोरून डब्ल्यूएनटी-४ आणि आरस्पो-१ ही बीजांडकोशाच्या बाजूची जनुकं त्याला दाबतात. ही रस्सीखेच जन्मानंतरही संपत नाही. २००९ मध्ये प्रौढ मादी उंदरांच्या बीजांडकोशातलं फॉक्स-एल-२ हे जनुक बंद केलं, तेव्हा तिथल्या ग्रॅन्युलोसा पेशी वृषणातल्या सर्टोली पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे बीजांडकोश बीजांडकोशच राहावा यासाठी हे जनुक आयुष्यभर राबत असतं. २०११ मध्ये उलट बाजूही दिसली: नर उंदरांतलं डीएमआरटी-१ हे जनुक काढल्यावर सर्टोली पेशी ग्रॅन्युलोसाच्या वाटेने गेल्या.

माणसात सॉक्स-९ सतराव्या गुणसूत्रावर असतं, फॉक्स-एल-२ तिसऱ्यावर, डीएमआरटी-१ नवव्यावर. तिन्ही बाईतही असतात आणि पुरुषातही.