एका गुरूचे थोरले-धाकटे

चीनमध्ये एकाच गुरूकडे शिकणारे एकमेकांना परंपरेने नात्यानेच हाक मारतात. आधी आलेला तो शिश्योंग, म्हणजे थोरला गुरुबंधू. मागून आलेला शिदी. मुलींमध्ये शिजिए आणि शिमेई. गुरूचे गुरुबंधू मग आपोआप चुलते होतात. वय इथे गौण आहे, गुरूच्या दारात कोण आधी आलं ते पाहतात.

या नात्याचं मूळ खूप जुनं आहे. कन्फ्यूशियस इ.स.पूर्व ४७९ मध्ये वारला, तेव्हा शिष्यांनी बापाचं पाळावं तसं तीन वर्षं सुतक पाळलं, फक्त सुतकाचे कपडे घातले नाहीत. झिगोंग हा शिष्य तर कन्फ्यूशियसच्या गावी, चूफूला, समाधीशेजारी झोपडी बांधून आणखी तीन वर्षं राहिला. गुरू बाप झाला होता, पण शिष्य अजून भाऊ झाले नव्हते. त्यांच्या संवादांत सहाध्यायाचा उल्लेख 'माझा मित्र' असा येतो.

भावंडांची ही भाषा रुजायला बौद्ध मठांचा मोठा हातभार लागला, असं मला वाटतं. भिक्षू घर सोडतो, आडनावही सोडतो. चौथ्या शतकात दाओआन या आचार्यांनी सगळ्या भिक्षूंना शाक्यमुनींवरून 'शी' हे एकच आडनाव दिलं. मठ हेच कूळ झालं आणि गुरुपरंपरा वंशावळीसारखी लिहिली जाऊ लागली. नवव्या शतकातली श्युएफंग आणि यानतौ यांची गोष्ट मला फार आवडते. दोघे देशान या झेन गुरूचे शिष्य. प्रवासात बर्फामुळे अडकून पडले. यानतौ खुशाल झोपा काढत होता, श्युएफंग ध्यानाला बसून तळमळत होता. शेवटी न राहवून त्याने हाक मारली, "शिश्योंग, शिश्योंग, ऊठ!" श्युएफंगचा जन्म ८२२ चा, यानतौचा ८२८ चा. हाक मारणाराच सहा वर्षांनी मोठा होता.

अशा नात्यांतून गट तयार होतात, हे राज्यकर्त्यांनीही ओळखलं. राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेले परीक्षकालाच गुरू मानू लागले, तेव्हा सोंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने ९६२ मध्ये त्यावर बंदी घातली.

कारागीर, नाटकमंडळ्या आणि कुंग-फूचे आखाडे यांनी मात्र ही भाषा टिकवली. हाँगकाँगच्या कँटनीज आखाड्यांत तिचेच उच्चार सिहिंग आणि सिदाय असे होतात. आज चिनी विद्यापीठांत एकाच मार्गदर्शकाकडे पीएचडी करणारेही एकमेकांना शिश्योंग, शिजिए म्हणतात. तैवानमध्ये कॉलेजातल्या वरच्या वर्गातल्या मुलाला सहसा श्युएचांग म्हणतात. त्यासाठी गुरू एक असावा लागत नाही.