पूर्वतयारी अभ्यासक्रम (महाविद्यालयीन वाचन-लेखन)

पदवीच्या वर्गात नेमलेले ग्रंथ स्वतः वाचता यावेत आणि वाचलेल्याच्या आधारे सलग लेखन करता यावे, यासाठी पदवीपूर्वी किंवा पहिल्या सत्राबरोबर चालवला जाणारा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम. मुदत दोन आठवड्यांपासून एका वर्षापर्यंत आढळते. मुंबईत ‘ब्रिज कोर्स’ हे नाव अधिक रूढ आहे. कागदोपत्री ‘सेतू अभ्यासक्रम’ किंवा ‘उपचारात्मक अध्यापन’ असे लिहिले जाते. यांपैकी ‘सेतू’ हा शब्द जपून वापरावा लागतो. राज्यातील शाळांत जुलै २०२१ पासून राबवलेला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास ही महासाथीत बुडालेल्या मागील इयत्तेची उजळणी होती, आणि प्रवेशाच्या धावपळीतल्या विद्यार्थ्याला सेतू म्हटले की आधी सरकारी सेतू केंद्रातली उत्पन्नाच्या दाखल्याची खिडकी आठवते. ‘उपचारात्मक’ या शब्दात विद्यार्थी आजारी असल्याचे गृहीत धरले आहे. प्रस्तुत नोंदीत म्हणून ‘पूर्वतयारी’ हीच संज्ञा वापरली आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) बारावी न झालेल्या प्रौढांसाठी आखलेल्या शिक्षणक्रमालाही हेच नाव दिले होते.

उगम : या अभ्यासक्रमाचा उगम दोन प्रकारे सांगता येतो. पहिल्या मतानुसार तो मुंबई विद्यापीठाच्या जुन्या परीक्षापद्धतीत आहे. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये झाली आणि पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले. मॅट्रिक आणि पदवी यांच्यामध्ये आरंभी एकच मधली परीक्षा होती. पुढे, बहुधा १८७० च्या दशकाच्या अखेरीस किंवा १८८० च्या आसपास, ‘प्रीव्हियस’ नावाची परीक्षा मॅट्रिकनंतरच्या पहिल्या वर्षासाठी आली. नावाचा अर्थच ‘आधीची’. मॅट्रिक होऊनही कॉलेजातले काही समजत नाही हा अनुभव त्या काळी सार्वत्रिक असावा. मोहनदास गांधी १८८७ मध्ये याच विद्यापीठाची मॅट्रिक होऊन भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले आणि एका सत्रानंतर घरी परतले. प्राध्यापक चांगले होते, कच्चे आपणच होतो, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले आहे.

दुसऱ्या मतानुसार हा प्रकार मुळात अमेरिकी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे वर्ग १८४९ मध्ये सुरू झाले तेच पूर्वतयारी विभागाने. हार्वर्डने १८७० च्या दशकात प्रवेशासाठी इंग्रजी निबंधाची अट घातली, आणि पुढच्या दशकात पहिल्या वर्षाला लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७० मध्ये प्रवेश सर्वांना खुला झाल्यावर तेथील अध्यापिका मायना शॉनेसी यांनी नवागतांच्या हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. या चुका निष्काळजीपणाच्या नसून त्यांना त्यांचे एक तर्कशास्त्र आहे, असे त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले.

‘प्रीव्हियस’शी असलेले साम्य स्थानापुरते दिसते. तिचे पेपर पदवीच्याच विषयांचे होते. कसे वाचावे, टिपण कसे काढावे, हे त्यांत कोठे शिकवले जात नव्हते. तेव्हा आजच्या अर्थाने पूर्वतयारी अभ्यासक्रम अमेरिकी घडणीचा, आणि त्याची मुंबईतली गरज मात्र इथली जुनी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

माध्यमाचा प्रश्न : या गरजेची चर्चा मुंबईत फार काळ इंग्रजीच्या चर्चेत अडकून पडली. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे होते. विद्यापीठात आरंभी देशी भाषांना असलेले स्थान १८६० च्या दशकात गेले. रानड्यांच्या दीर्घ खटपटीनंतर, साधारण १९०१ च्या सुमारास, मराठी एम. ए. च्या परीक्षेत परतली. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आणि १९३६ मध्ये मुंबईला हललेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा वेगळा मार्ग धरला.

परिणामी ‘मुलांचे इंग्रजी कच्चे आहे’ हे निदान पक्के झाले आणि बहुतेक ब्रिज कोर्स म्हणजे काळ, प्रयोग बदला व पत्रलेखन असे समीकरण बनले. ते अपुरे आहे. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद केला. परकी भाषा बोलण्यापुरती दोनेक वर्षांत येते, पण त्या भाषेतून अभ्यास करण्याची पातळी गाठायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. या भेदावर पुष्कळ टीका झाली असली, तरी मुंबईत तो उपयोगी पडतो. येथील अनेक इंग्रजी माध्यमाची मुले इंग्रजी सराईत बोलतात आणि अर्थशास्त्राचे प्रकरण वाचताना अडतात. मराठी माध्यमातून आलेली मुले मराठी संदर्भग्रंथाशीही तितकीच अडतात, ही गोष्ट क्वचित लक्षात घेतली जाते.

वाचन : मराठी वैचारिक गद्याची अडचण वाक्यरचनेत आहे, कठीण शब्दांत तेवढी नाही. उदाहरणार्थ, ‘गिरण्या बंद पडण्याचे कारण केवळ संप हेच होते, हे संपकाळातील वृत्तपत्रांतून पुन्हापुन्हा मांडले गेलेले मत पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही.’ येथे नकार अगदी शेवटी येतो. अर्ध्यावर टिपण काढणारा विद्यार्थी वहीत नेमके उलट लिहितो, आणि परीक्षेत तेच उतरते. इंग्रजीत नकार सहसा क्रियापदाला लागून आधीच येतो. त्यामुळे मराठीत वाक्य पूर्ण होईपर्यंत धरून ठेवण्याची सवय स्वतंत्रपणे लावावी लागते. दुसरी अडचण जोडशब्दांची. ‘किंबहुना’ हा शब्द आधीच्या विधानाला आणखी जोर देतो, पण उच्चारसाधर्म्यामुळे तो ‘किंवा’ समजून वाचला जातो. ‘अर्थात’ कधी ‘म्हणजेच’ या अर्थी येतो, कधी ‘उघडच आहे’ या अर्थी. ‘तथापि’ आला की लेखक वळण घेतो आहे, हे ओळखता आले तर परिच्छेद निम्मा उलगडतो. तिसरी अडचण कर्मणी प्रयोगाची : ‘असे मानले जाते’ या वाक्यात मानणारा कोण, आणि लेखक स्वतः त्यांच्यात आहे का, हे वाचकाने शोधायचे असते. (विश्वकोशाच्या नोंदींनाही हा आक्षेप लागू आहे.)

शाळेत याचा सराव थोडा होतो. ‘कुमारभारती’ व ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकांवर आधारित कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृती असतात, ‘स्वमत’ही विचारले जाते, पण उतारा समोर छापलेला, लांबी पानभर, आणि उत्तराच्या ओळी जवळजवळ ठरलेल्या. महाविद्यालयात चाळीस पानांचे प्रकरण असते आणि प्रश्न कोणता हे सांगितलेले नसते. मधली पोकळी गाइड, अपेक्षित प्रश्नसंच आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स भरून काढतात. त्यांना नावे ठेवण्याची रीत आहे. परंतु गाइड हे एक प्रकारे दुसऱ्याने काढलेले टिपणच असते, आणि चांगले शिक्षक ते समोर ठेवून मूळ प्रकरणातले काय गळले ते मुलांकडून शोधून घेतात.

लेखन : लेखनाच्या सरावात सारांश, दोन उताऱ्यांची तुलना आणि आधार देऊन केलेले विवेचन असा चढता क्रम सामान्यतः असतो. मुंबईच्या वर्गासाठी जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप हा विषय सोयीचा आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते आणि अनेक विद्यार्थ्यांच्या घरात त्याची आठवण शिल्लक आहे. एक उतारा गिरण्यांच्या दुर्दशेचे खापर संपावर फोडणारा, दुसरा यंत्रमागांची स्पर्धा आणि मालकांनी यंत्रसामग्रीकडे केलेले दुर्लक्ष पुढे करणारा, असे दोन घेतात. बहुतेक विद्यार्थी दोन्हींचे सारांश नीट लिहितात आणि एकाखाली एक ठेवून थांबतात. दुसरा उतारा पहिल्याला खोडतो, पूरक ठरतो की वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो, हे सांगणारे एक वाक्य लिहिता येणे ही या अभ्यासक्रमाची खरी कसोटी. आजोबांकडून ऐकलेली हकीकत पुरावा म्हणून कोठवर चालते, हा वादही इथेच रंगतो आणि तो रंगू द्यावा.

शुद्धलेखनाला या वर्गांत वाजवीपेक्षा अधिक जागा मिळते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम व १९७२ मध्ये वाढवलेले चार, असे अठरा नियम प्रमाण मानले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तपासणे सोपे असते. आगरी, कोळी किंवा मालवणी घरातून आलेल्या मुलाच्या वहीवर त्यामुळे लाल शाई अधिक पडते. त्याचा युक्तिवाद सरस असला तरी तो वाचला जाईलच असे नाही. शॉनेसी यांचे म्हणणे इथे सर्वाधिक लागू पडते.

उसन्या मजकुराचा प्रश्न वेगळा आहे. दहावी-बारावीत पुस्तकातल्या शब्दांत लिहिलेले उत्तर ‘व्यवस्थित’ ठरते, आणि दोन-तीन वर्षांत त्यालाच वाङ्मयचौर्य म्हटले जाते. वाङ्मयचौर्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम प्रबंध व शोधनिबंध यांना उद्देशून आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाला त्यांतली मजकूर-साम्याची टक्केवारी ऐकवून धाक घालण्यापेक्षा मूळ परिच्छेद झाकून आठवेल ते लिहायला लावण्याची जुनी युक्ती परिणामकारक असते.

मुंबईतील संस्था : पूर्वी अकरावी शाळेत होती आणि तिच्यानंतरचे वर्ष महाविद्यालयाचे पहिले वर्ष असे. दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि त्यानंतर अकरावी-बारावी हा टप्पा ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणून वेगळा पडला. पूर्वतयारीचे काम त्याच्याकडे जाईल अशी अपेक्षा असावी. प्रत्यक्षात ती दोन वर्षे प्रवेशपरीक्षांच्या क्लासनी व्यापली. नोकरी करणाऱ्यांचा विचार आधी झाला तो सिद्धार्थ महाविद्यालयात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९४६ मध्ये सुरू केले आणि वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे कारकुनाला तास आटोपून कचेरी गाठता यावी. पवईच्या आयआयटीत, अन्य आयआयटींप्रमाणे, राखीव जागांसाठीच्या गुणमर्यादेच्या थोडे खाली राहिलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या व पुढे दिव्यांग उमेदवारांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग असतो. त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांच्या जोडीला इंग्रजी आहे. रात्रशाळांतून दहावी झालेल्यांची वाट सहसा दूरशिक्षणाकडे वळते.

विद्यापीठाच्या वाणिज्य व कला शाखांच्या पहिल्या वर्षाला व्यवसाय-संप्रेषण, इंग्रजीतील संवादकौशल्य असे पेपर दीर्घकाळ होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार केलेल्या नव्या रचनेत भाषेसाठी क्षमतावृद्धीचे दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) अभ्यासक्रम आले आहेत. पंधरा तासांचा एक श्रेयांक या हिशेबाने सत्राला तीस तास मिळतात. ते मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणत्या भाषेसाठी खर्च करायचे, हे महाविद्यालयागणिक बदलते. साठ-सत्तरांच्या तुकडीत प्रत्येकाचे लेखन तपासून परत देण्यास ते पुरत नाहीत.