मोडलेला जोड काय सांगतो?

गोव्यात झुआरी आणि मांडवी नद्यांच्या काठी बार्ज (मालवाहू सपाट बोटी) बांधणारे व दुरुस्त करणारे कारखाने आहेत, तर वास्कोला १९५७ साली सुरू झालेले गोवा शिपयार्ड आहे. अशा कामावर घेण्यापूर्वी वेल्डरकडून परीक्षेचा एक जोड करून घेतला जातो. त्या जोडातून पट्ट्या कापतात, त्या वाकवतात किंवा मोडतात, निकाल कागदावर नोंदवतात आणि पट्ट्या भंगारात टाकतात. नापास झालेली पट्टी मात्र भंगारात जाण्यापूर्वी तिचे नीट छायाचित्र घ्यायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे, कारण जोड का फसला याचा पुरावा तिच्या मोडलेल्या तोंडावर, म्हणजे तुटलेल्या पृष्ठभागावर, जितका स्पष्ट असतो तितका निकालाच्या कागदावर कधीच नसतो.

बेंड टेस्टमध्ये पट्टी साधारणपणे १८० अंशांत वाकवली जाते. रूट बेंडमध्ये जोडाची मुळाकडची बाजू, म्हणजे वेल्डिंगचा पहिला थर जिथे पडतो ती, बाहेर ठेवतात, म्हणजे ताण तिथेच सर्वाधिक येतो आणि मुळाशी धातू वितळलेला नसेल तर तिथे फट उघडते. प्रचलित नियमांनुसार बाहेरच्या पृष्ठभागावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट दिसली की पट्टी नापास होते. फट किती लांब आहे हे मोजपट्टी सांगते. ती कशामुळे पडली हे कळण्यासाठी मात्र पट्टी पुढे पूर्ण मोडून आतले तोंड पाहावे लागते.

चांगला धातू तुटतो तेव्हा त्याचे तोंड खडबडीत, करड्या रंगाचे आणि ओढल्यासारखे दिसते. त्याच्यामध्येच एखादा सपाट, गुळगुळीत भाग दिसला तर तिथे धातू तुटलेलाच नसतो, कारण तो मुळात जोडलाच गेलेला नव्हता. छायाचित्र मोठे करून पाहिले की अशा सपाट भागावर वेल्डिंगपूर्वी कड तासताना ग्राइंडरने उमटवलेल्या समांतर रेषा जशाच्या तशा दिसतात. पत्र्याची ती कड वितळली असती तर त्या रेषा उरल्याच नसत्या. करंट कमी पडला असेल, रॉडचा (वितळून जोडात भरणाऱ्या सळईचा) कोन चुकला असेल किंवा वितळलेला धातू आर्कच्या (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या) पुढे पळाला असेल, तर हा दोष येतो. एक्स-रे फिल्मवर तो कित्येकदा दिसत नाही, कारण इतकी पातळ फट किरणांच्या दिशेला तिरकी असली की तिची सावलीच पडत नाही. शिकणाऱ्या मुलांना सर्वांत आधी कोणते चित्र दाखवावे असे मला कोणी विचारले, तर मी या रेषांचे चित्र पुढे करीन.

वायूची छिद्रे ओळखणे त्यामानाने सोपे असते. ती गोल, आतून गुळगुळीत आणि बहुधा चकचकीत असतात. टी-जोड (एका पत्र्यावर दुसरा उभा जोडलेला) मोडून पाहिला तर कधी ती लांबट होऊन भुंग्याने लाकूड पोखरावे तशी मुळापासून वर गेलेली दिसतात. गॅसच्या आवरणाखाली चालणाऱ्या वेल्डिंगला ताशी ८ किलोमीटरच्या पुढचा वारा चालत नाही, आणि नदीकाठच्या उघड्या यार्डात दुपारी समुद्रावरून येणारा वारा सहज त्याहून जोरात वाहतो. म्हणून चित्राखाली जोड उघड्यावर केला की आडोशाला, ही नोंद असावी. छिद्रांऐवजी काळपट, काचेसारखे वेडेवाकडे तुकडे दिसले, तर आधीच्या थरावरचा स्लॅग (वेल्डवर जमणारी मळी) नीट काढलेला नव्हता असे समजावे.

तोंडाचा रंगही बोलका असतो. चिरेच्या आत निळसर किंवा काळपट झाक असेल, तर धातू अजून तापलेला असतानाच चीर उघडली आणि हवेतल्या ऑक्सिजनने तिचे तोंड रंगवले. बीड (वेल्डिंगने भरलेल्या धातूची ओळ) अरुंद आणि खोल असली की मधोमध पडणारी चीर बहुधा याच प्रकारची असते. चिरेचे तोंड स्वच्छ आणि चमकदार असेल, तर ती जोड थंड झाल्यावर पडलेली असते. हा रंग टिकवायचा तर मोडलेले दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून पाहू नयेत, तोंडाला हात लावू नये आणि छायाचित्र लगेच घ्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो आणि हा सगळा पुरावा नाहीसा होतो.

छायाचित्रासाठी साधा मोबाईल पुरतो. समोरून फ्लॅश मारला तर खाचखळगे सपाट दिसतात, म्हणून उजेड एका बाजूने आणि अगदी आडवा पडू द्यावा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि दोन्ही तुकड्यांची चित्रे घ्यावीत. रॉडचा प्रकार, करंट आणि जोड कोणत्या स्थितीत (आडवा, उभा की डोक्यावर) केला हे लिहिल्याशिवाय चित्र जपून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

एक दोष मात्र घाईने काढलेल्या चित्रात सापडत नाही. दमट हवेत उघडे राहिलेले ई ७०१८ सारखे (कमी हायड्रोजन देणाऱ्या लेपाचे) रॉड ओलावा शोषतात. आर्कच्या उष्णतेने त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. जाड किंवा जास्त ताकदीच्या पोलादात हा हायड्रोजन जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही चीर पाडतो. म्हणूनच हे रॉड वापरण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, बहुधा ३०० ते ३५० अंश सेल्सियसला, ओव्हनमध्ये सुकवतात. अशा पोलादाचा नमुना ४८ तासांनंतर कापावा, आणि त्याच्या छायाचित्रावर वेल्डिंग संपल्याची वेळ व नमुना कापल्याची वेळ, अशा दोन्ही वेळा लिहाव्यात.