दोरीला टांगलेला चेंडू: जुन्या बेसबॉल कार्डांवरच्या पोझ अशा का?

न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची छोटी कार्डे घातली. साधारण पावणेचार बाय साडेसहा सेंटिमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर खरा फोटो चिकटवलेला असे. यातल्या बऱ्याच कार्डांवर फलंदाज हवेतल्या चेंडूकडे टक लावून उभा असतो. चेंडूच्या वर भिंगातून पाहिले की दोरी सापडते.

त्या काळी धावत्या खेळाडूचा मैदानात जवळून स्पष्ट फोटो घेणे जवळपास अशक्य होते. म्हणून खेळाडूला पूर्ण गणवेशात स्टुडिओत आणत, मागे झाडी रंगवलेला पडदा लावत आणि छताला चेंडू टांगत. झेल घेणाऱ्याने ओंजळ वर धरून तसेच थांबायचे. घसरत बेस (धावेच्या वाटेवरचा टप्पा) गाठणारा चक्क जमिनीवर आडवा पडून हात लांबवी. वेग नसल्याने शरीराचा तोल खऱ्या खेळासारखा येत नाही, आणि आज हसू येते ते त्यामुळेच. पण एकाच खेळाडूच्या अनेक पोझ निघत, म्हणून संग्राहक नावाइतकीच पोझही नोंदवतात. बोस्टनचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) चार्ल्स रॅडबर्न याच मालिकेत कमरेवर हात ठेवून मधले बोट दाखवताना सापडतो.

पुढचा मोठा टप्पा टॉप्सचा. ब्रुकलिनच्या या च्युइंगगम कंपनीने १९५२ मध्ये ४०७ कार्डांचा संच काढला आणि नंतर दरवर्षी नवे फोटो लागू लागले. ते मुख्यतः हंगामाआधीच्या सराव शिबिरांत, फ्लोरिडा आणि ॲरिझोनात घेतले जात. एकामागून एक खेळाडू येई, प्रत्येकाला थोडाच वेळ मिळे. त्यामुळे ठरावीक पोझ रूढ झाल्या: बॅट खांद्यावर, चेंडू नसताना फेक संपवलेला पिचर, रिकाम्या मैदानात उकिडवा बसलेला कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा). टोपी काढून वर पाहणारा चेहराही मुद्दाम घेत. खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर जुन्या संघाचे चिन्ह दिसू नये हा हेतू. तसा फोटो नसला, तर टोपीवरचे चिन्ह रंगाने झाकावे लागे.

कंटाळलेल्या खेळाडूंनी याच घाईचा फायदा घेतला. उजव्या हाताने फेकणाऱ्या ल्यू बर्डेटने १९५९ च्या कार्डासाठी उजव्या हातात ग्लोव्ह चढवून डावखुऱ्याची पोझ दिली. ग्लोव्ह फेकीच्या हातात कधीच नसतो, तरी कार्ड तसेच छापले गेले, आणि त्यावर नावाचे स्पेलिंगही चुकले. १९६५ मध्ये उजव्या हाताने खेळणारा बॉब युकर डावखुरा फलंदाज बनून उभा राहिला. डेट्रॉइट संघाचा व्यवस्थापक बिली मार्टिन यानेही १९७२ च्या कार्डावर बॅटच्या दांड्यावर मधले बोट ताणले.

खोडी आणि छपाईची चूक यांत मात्र गल्लत करू नये. १९५७ च्या कार्डावर हँक आरन डावखुरा दिसतो, पण त्यात त्याचा काही हात नाही. फिल्म उलटी लागली होती. ओळखायची खूण सोपी आहे. फिल्म उलटली तर गणवेशावरची अक्षरे, आकडे आणि बटणपट्टीही आरशातल्यासारखी उलटतात. बर्डेट आणि युकर यांच्या कार्डांवर ती सरळ आहेत, म्हणजे पोझ खेळाडूनेच दिलेली.

१९७१ पासून टॉप्सच्या मुख्य संचातल्या खेळाडूंच्या कार्डांवर प्रत्यक्ष सामन्यातले रंगीत फोटो येऊ लागले, तरी ठरवून केलेली गंमत थांबली नाही. फ्लीअर या दुसऱ्या कार्ड कंपनीच्या १९८४ च्या संचात ग्लेन हबर्डच्या खांद्यावर भलामोठा साप आहे, तर जे जॉनस्टोनच्या डोक्यावर छत्रीची टोपी. प्रोकार्ड्स या कंपनीच्या १९८९ च्या मालिकेत लास व्हेगस स्टार्स संघाचा पिचर कीथ कॉमस्टॉक मांड्यांच्या मधोमध चेंडू लागून कळवळताना दिसतो. तो चेंडू गोंदाने चिकटवलेला होता.