कमांड लाइनद्वारे डिस्कचे विभाजन

संगणकाच्या हार्ड डिस्कवरील किंवा सॉलिड स्टेट ड्राइव्हवरील सलग जागेचे स्वतंत्र भाग पाडण्याच्या क्रियेला डिस्कचे विभाजन म्हणतात. असा प्रत्येक भाग, म्हणजे पार्टिशन, ऑपरेटिंग सिस्टीमला वेगळ्या डिस्कसारखा दिसतो आणि त्यावर हवी ती फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था, बसवता येते. विभाजनाच्या वेळी डिस्कवर लिहिला जातो तो केवळ एक छोटा तक्ता; कोणता भाग कोणत्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरील जागेचा ठरावीक आकाराचा छोटा तुकडा) कोणत्या सेक्टरपर्यंत आहे, एवढीच नोंद त्यात असते. सातबारा आणि जमीन यांत जो फरक, तोच हा तक्ता आणि डिस्कवरील माहिती यांत आहे : उतारा खोडला म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, पण उताऱ्याशिवाय ते कोणाचे हे सांगता येत नाही.

या तक्त्याचे दोन प्रकार प्रचारात आहेत. जुना प्रकार, मास्टर बूट रेकॉर्ड अथवा एमबीआर, १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आला. तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मावतो. त्यातील ६४ बाइट तक्त्यासाठी राखलेले असून प्रत्येकी १६ बाइटच्या चारच नोंदी त्यात बसतात. चारांहून अधिक भाग हवे असल्यास एक नोंद एक्स्टेंडेड पार्टिशनला देऊन तिच्या पोटात लॉजिकल पार्टिशने करावी लागतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या डिस्कवर सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जागा या तक्त्याला दाखवता येत नाही. नवा प्रकार, जीयूआयडी पार्टिशन टेबल अथवा जीपीटी, हा यूईएफआय या फर्मवेअर (संगणक सुरू करणारी अंगभूत प्रणाली) प्रमाणकाचा भाग आहे. त्यात सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची सोय असते, तक्ता बिघडला आहे का हे कळण्यासाठी तपासणी-अंक साठवलेले असतात आणि संपूर्ण तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. आज नवी डिस्क विभागताना, अगदी जुन्या यंत्राची अडचण नसेल तर, जीपीटीखेरीज दुसरा पर्याय निवडण्याचे कारण उरलेले नाही.

लिनक्सवर या कामासाठी कमांड लाइनवरचे, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचे, सर्वांत परिचित साधन एफडिस्क हे आहे. ते ज्या साधनसंचात येते त्या युटिल-लिनक्सच्या, २०१३ मध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीपासून ते जीपीटीही हाताळते. त्यात एकेका अक्षराच्या आज्ञा द्याव्या लागतात. ‘जी’ने नवा जीपीटी तक्ता तयार होतो, ‘एन’ने नवे पार्टिशन, ‘डी’ने ते काढले जाते, ‘टी’ने त्याचा प्रकार बदलतो आणि ‘पी’ने तोवरचा आराखडा पडद्यावर येतो. नव्या डिस्कवर १०० गिबिबाइटचा (एक गिबिबाइट म्हणजे १,०२४ मेबिबाइट, एक मेबिबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट) पहिला भाग करायचा झाल्यास सुरुवातीचा सेक्टर म्हणून साधन स्वतःच २०४८ सुचवते. शेवटच्या सेक्टरच्या जागी अधिक चिन्हापुढे ‘१००जी’ असे लिहिले की तो भाग २०,९७,१७,२४७ या सेक्टरवर संपतो. २०४८ हा आकडा मनाला येईल तसा निवडलेला नाही. जुन्या पद्धतीत पहिला भाग ६३व्या सेक्टरपासून सुरू होई. परंतु पुढे ४,०९६ बाइटचे भौतिक सेक्टर असलेल्या डिस्का आल्या, तेव्हा ६३ गुणिले ५१२ या संख्येला ४,०९६ ने भाग जात नसल्याने एकेका लेखनासाठी डिस्कला दोन सेक्टर वाचून पुन्हा लिहावे लागू लागले आणि वेग घसरला. एक मेबिबाइटवरून, म्हणजे ५१२ बाइटच्या २०४८ सेक्टरांनंतर, सुरुवात केल्याने हा तिढा सुटतो.

एफडिस्कचा खरा गुण असा की ‘डब्ल्यू’ ही आज्ञा देईपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. तोवरचे सगळे बदल केवळ संगणकाच्या स्मृतीत (रॅममध्ये) असतात आणि ‘क्यू’ने ते सोडून देता येतात. लिनक्सवरचेच पार्टेड हे साधन आणि विंडोजमधील डिस्कपार्ट मात्र आज्ञा मिळताच ती अमलात आणतात. डिस्कपार्टमधील ‘क्लीन’ ही आज्ञा तर निवडलेल्या डिस्कचा तक्ता एका शब्दाने पुसते, आणि खात्री करणारा प्रश्नही विचारत नाही. म्हणूनच खरी जोखीम आज्ञा लक्षात ठेवण्यात नसून योग्य डिस्क ओळखण्यात आहे. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावे डिस्का सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. तेव्हा आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक एलएसबीएलके या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नवी मुंबईत या साधनांचे महत्त्व वेगळ्या कारणाने टिकून आहे. ऐरोली, रबाळे आणि महापे या पट्ट्यात अनेक डेटा सेंटर आहेत. अशा ठिकाणच्या सर्व्हरना बहुधा माऊस किंवा चित्रमय पडदा नसतो. प्रशासक दुरून, टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून काम करतो. तिथे नेहमी येणारे काम म्हणजे आभासी डिस्क, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली डिस्क, मोठी करणे. डिस्क वाढवली की जीपीटीची शेवटी असलेली दुसरी प्रत आता मध्येच अडकून पडते, त्यामुळे आधी ती नव्या शेवटाकडे हलवावी लागते, मग पार्टिशनची सीमा वाढवावी लागते आणि सर्वांत शेवटी त्यावरची फाइल सिस्टीम. हा क्रम उलटवता येत नाही, आणि जागा कमी करताना तो नेमका विरुद्ध दिशेने चालतो.

ठाण्यात किंवा वाशीला दुकानातून जुळवून घेतलेल्या घरगुती संगणकांत सी, डी आणि ई असे तीन ड्राइव्ह करून देण्याची रीत अजूनही दिसते. सी बिघडला तरी डीमधले फोटो सुरक्षित राहतात, हे त्यामागचे तर्कशास्त्र विंडोज पुन्हा टाकण्यापुरते बरोबर आहे. डिस्कच नादुरुस्त झाली तर तिन्ही ड्राइव्ह एकदमच जातात, हे मात्र ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते.

तक्ता चुकून पुसला गेल्यास टेस्टडिस्क हे साधन डिस्कवरील फाइल सिस्टीमच्या खुणा शोधून जुन्या सीमा पुन्हा उभ्या करू शकते. एसएफडिस्क या एफडिस्कच्या जोडीच्या साधनाने आधीच मजकूर-फाइलमध्ये उतरवून ठेवलेला तक्ता हाताशी असेल, तर हे काम काही क्षणांचे असते. सॉलिड स्टेट ड्राइव्हवर ही आशा कमी असते, कारण नव्या भागावर ईएक्सटी४ ही लिनक्समधील फाइल सिस्टीम तयार करताना ती जागा वापरात नसल्याचे ड्राइव्हला सहसा कळवले जाते आणि त्यानंतर जुनी माहिती तिथे वाचता येत नाही.